वर्षाअखेर वीज शिल्लक राहील असं घर : खर्च किती, फायदा किती?

महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वीजवापर छापलेला असतो. त्यातल्या बारा महिन्यांच्या युनिटांची बेरीज करा आणि तिला १,४४० ने भागा. आपल्याकडे एक किलोवॅटचं सौर संयंत्र महिन्याला साधारण १२०, म्हणजे वर्षाला १,४४० युनिट वीज देतं. भागाकार दोन आला तर दोन किलोवॅटवर तुमचं घर बरोबरीत येतं. त्याहून थोडं मोठं संयंत्र बसवलं, किंवा वापर थोडा कमी केला, की घर जमेत जातं. वर्षभरात जेवढी वीज वापरली त्याहून जास्त तयार केली, एवढाच याचा अर्थ. रात्री, ढगाळ दिवशी, भर पावसाळ्यात हे घर महावितरणची वीज घेतंच. उन्हाच्या दिवसांत ती परत करतं. हिशेब वर्षाचा असतो.

अशा इमारती आता कल्पनेतल्या राहिलेल्या नाहीत. जर्मनीतल्या फ्रायबुर्गला वास्तुरचनाकार रोल्फ डिश यांनी १९९४ मध्ये सूर्याबरोबर फिरणारं ‘हेलिओट्रोप’ हे घर बांधलं, ते वापरापेक्षा जास्त ऊर्जा तयार करणारं पहिलं घर मानलं जातं. नॉर्वेत, जिथे हिवाळ्यात जेमतेम काही तास उजेड असतो, तिथे ट्रॉनहाइम शहरातली ‘पॉवरहाऊस ब्राटोरकाइआ’ ही कार्यालयाची इमारत २०१९ पासून हे करते आहे. दिल्लीत २०१४ मध्ये सुरू झालेलं इंदिरा पर्यावरण भवन ९३० किलोवॅटच्या पॅनेलांवर वर्षाच्या गरजेइतकी वीज बनवण्यासाठीच आखलं गेलं. ऊर्जा दक्षता ब्युरोने अशा इमारतींसाठी ‘शून्य’ आणि त्याच्या पुढची ‘शून्य प्लस’ अशी दोन मानांकनंही ठेवली आहेत. महाराष्ट्रातल्या साध्या बैठ्या घराला किंवा एकमजली बंगल्याला मात्र मानांकनाची गरज नाही. त्याला ऊन आहे, गच्ची आहे, आणि सध्या अनुदानही आहे. प्रश्न पैसा नेमका कुठे घालायचा एवढाच आहे, आणि तिथेच बरीच घरं विक्रेत्याच्या सांगण्यावर जातात.

आधी सावली बघा

एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, बिनसावलीची जागा लागते. तीन किलोवॅटला ३०० चौरस फूट. आजची ५४० वॅटच्या आसपासची पॅनेलं धरली तर सहा पॅनेलं. एकेक पॅनेल साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि २८-३० किलो वजनाचं. काँक्रीटच्या स्लॅबला हे वजन काहीच नाही. खरा प्रश्न वाऱ्याचा आहे, त्याकडे पुढे येऊ.

सावली पाहायची ती डिसेंबरात. २१-२२ डिसेंबरच्या आसपास सूर्य दक्षिणेला सर्वांत खाली असतो आणि पाण्याच्या टाकीची, जिन्याच्या खोलीची, शेजारच्या नारळाची सावली सर्वांत लांब पडते. त्या दिवसांत सकाळी नऊला आणि दुपारी तीनला गच्चीवर जा आणि सावली जिथवर पोचते तिथे खडूने रेघ ओढा. रेघेबाहेरची जागा तुमची. हे बारकाईने करण्याचं कारण असं की पॅनेलं एकामागे एक साखळीत जोडलेली असतात. एका पॅनेलवर टाकीची सावली पडली तर फक्त त्याचंच उत्पादन घटतं असं नाही, सगळी साखळी मंदावते. मे महिन्यात माप घेऊन गेलेल्या माणसाला ही सावली दिसत नाही. डिसेंबरपर्यंत थांबता येत नसेल तर दक्षिणेकडे तुमच्या गच्चीपेक्षा उंच काय काय आहे याची यादी करा, आणि ‘सावलीचा अंदाज घेऊन मांडणी करा’ असं कोटेशनमध्ये लिहून मागा.

पॅनेलांची तोंडं दक्षिणेला हवीत. पूर्व-पश्चिम उतारावर काम चालतं, उत्पादन थोडं घटतं. उत्तर उतारावर बसवू नये. कोकणातल्या कौलारू घरावर तर मी पॅनेल बसवायला सांगणार नाही. कौलं फुटतात, वासे जुने असतात आणि गळती लागली की पॅनेल उतरवल्याशिवाय दुरुस्ती करता येत नाही. त्यापेक्षा अंगणावर किंवा खळ्यावर उंच लोखंडी सांगाडा करून घ्यावा. त्याखाली सावली मिळते, गाडी राहते.

एका घराचा हिशेब

समजण्यासाठी एक घर धरू. तालुक्याच्या गावातलं, चार माणसांचं. महिन्याची सरासरी २६० युनिट, वर्षाची ३,१२० युनिट. मे महिन्यात एसी लागतो म्हणून आकडा वर जातो, डिसेंबरात उतरतो. महावितरणच्या घरगुती दरात वहन आकार धरून पहिली १०० युनिटं सुमारे सहा रुपयांना पडतात, १०१ ते ३०० ही ११ रुपयांच्या वर, आणि त्यापुढची १४ ते १६ रुपयांना. त्यावर स्थिर आकार साधारण १३० रुपये, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे या घराचं बिल महिन्याला २,९०० रुपयांच्या आसपास, वर्षाचे ३५ हजार.

आता पहिला खर्च. तो पॅनेलवर करू नका, पंख्यांवर करा. जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. चार पंखे दिवसाला सरासरी दहा तास फिरतात असं धरलं तर महिन्याला ५४ युनिटं वाचतात, आणि वर्षातले नऊ महिने पंखा लागतो असं धरलं तर सुमारे ४९० युनिटं. चार पंख्यांना ११-१२ हजार रुपये लागतात. हीच ४९० युनिटं पॅनेलातून काढायची म्हटली तर एक तृतीयांश किलोवॅट जास्त बसवावं लागेल, म्हणजे अनुदान न धरता २० हजारांच्या आसपास, आणि वर ३४ चौरस फूट गच्ची. पंखा स्वस्त पडतो. दिव्यांचं काम बहुतेक घरांत एलईडीने झालेलंच आहे. पंधरा वर्षांचा जुना फ्रिज असेल तर तोही बदलण्याच्या यादीत घ्या. आजचा चांगल्या स्टारचा मध्यम फ्रिज दिवसाला एक युनिट किंवा त्याहून कमीच घेतो.

पाणी तापवण्याच्या बाबतीत माझं मत गेल्या काही वर्षांत बदललं आहे. पूर्वी सौर बंब आधी आणि पॅनेल नंतर, असा सरळ सल्ला होता. शंभर लिटरचा बंब १८ ते २५ हजारांना मिळतो. पण चार माणसांच्या आंघोळीला गिझर दिवसाला दोन-सव्वादोन युनिटं घेतो, आणि तेवढी वीज देणाऱ्या अर्ध्या-पाऊण किलोवॅट पॅनेलाचा अनुदान वजा जाता खर्च जवळपास तेवढाच येतो. पाऊस लागला की बंब थंड पडतो. पॅनेलाची उन्हाळ्यात जमा झालेली युनिटं मात्र जुलैत गिझरला वापरता येतात. घरात बंब असेल आणि तो धड चालत असेल तर काढू नका. नवा घ्यायचा असेल आणि गच्चीवर जागा असेल तर तो पैसा पॅनेलात घाला. जागा तोकडी असेल तर बंबच बरा, कारण तो थोड्या जागेत जास्त काम करतो.

पंखे बदलल्यावर आपल्या घराचा वापर २,६३० युनिटांवर आला. तीन किलोवॅटचं संयंत्र कागदावर वर्षाला ४,३२० युनिटं देईल. धूळ, थोडी सावली, वीज गेलेल्या वेळा हे सगळं वजा करून ४,००० धरा. म्हणजे वर्षाला सुमारे १,३७० युनिटं शिल्लक.

संयंत्राचा खर्च किती? तीन किलोवॅटला आज बाजारात साधारण पावणेदोन ते सव्वादोन लाख सांगतात. ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली’ योजनेचं केंद्राचं अनुदान पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, आणि कमाल ७८,०००. तीनच्या वर कितीही बसवा, अनुदान ७८ हजारांवर थांबतं. १ लाख ९० हजारांचं कोटेशन धरलं तर खिशातून १ लाख १२ हजार, पंखे धरून १ लाख २४ हजारांच्या आत. वर्षाला ३५ हजारांच्या बिलातले स्थिर आकार आणि त्यावरचं शुल्क मिळून १,८०० रुपये उरतात, बाकी वाचतात. चार वर्षांच्या आत पैसे वसूल, आणि पॅनेलाची उत्पादनाची हमी २५ वर्षांची. ‘शून्य बिल’ असं म्हणतात तेव्हा हा स्थिर आकार ध्यानात ठेवा, तो जात नाही. विक्रेता थ्री फेज जोडणीचा आग्रह धरत असेल तर आणखी सावध व्हा, तिथला स्थिर आकार सिंगल फेजच्या तिपटीहून अधिक आहे.

महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असलेल्या घराला घाई करायचं कारण नाही, कारण त्याची वीज मुळात स्वस्त टप्प्यातली आहे. पण अशा घरांसाठीच राज्य सरकारने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ म्हणजे स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप योजना आणली. केंद्राच्या अनुदानावर राज्य भर घालतं. दारिद्र्यरेषेखालच्या घराला एका किलोवॅटसाठी राज्याचे १७,५०० रुपये जास्त मिळतात, म्हणजे ५० हजारांचं संयंत्र अडीच हजारांत. तुमच्या गावात हे कुणाला लागू होत असेल तर त्यांना सांगा. ज्यांना याचा सर्वांत जास्त उपयोग आहे, त्यांच्यापर्यंत अशी माहिती सर्वांत उशिरा पोचते.

शिल्लक युनिटं कुठे घालावीत

बहुतेक विक्रेते इथे चुकीचं स्वप्न दाखवतात : ‘मोठं संयंत्र बसवा, उरलेली वीज महावितरणला विका.’ नेट मीटरिंगमध्ये महिन्याची जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात ओढली जातात आणि तिथल्या वापरातून वजा होतात. तोवर एका युनिटाची किंमत तुम्ही वाचवलेल्या टप्प्याइतकी असते, म्हणजे ११ ते १५ रुपये. पण ३१ मार्चला खातं बंद होतं. त्या दिवशी जी युनिटं उरतील ती महावितरण विकत घेतं, आणि तो दर अलीकडच्या वर्षांत तीन रुपयांच्या आतबाहेर राहिला आहे. केवळ विकण्यासाठी चौथा-पाचवा किलोवॅट, तोही अनुदानाशिवाय, बसवणं म्हणजे ५५-६० हजार गुंतवून वर्षाला चार हजार मिळवणं. मुदत ठेवीच्या व्याजापेक्षा थोडंच जास्त, आणि ठेवीची मूळ रक्कम निदान परत मिळते.

उरलेल्या युनिटाची खरी किंमत तुमच्या घरातल्या गॅसमध्ये आणि पेट्रोलमध्ये आहे. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून भांड्याला जेवढी उष्णता मिळते, तेवढी इंडक्शन शेगडीवर मिळवायला साधारण १४० युनिटं लागतात. सिलिंडर साडेआठशे-नऊशेचा धरला तर एक युनिट सहा रुपयांचा गॅस वाचवतं, म्हणजे विकण्याच्या दुप्पट. आता स्कूटर घ्या. इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगमधली घट धरूनही एका युनिटात २८-३० किलोमीटर जाते. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देत असेल आणि पेट्रोल शंभरीच्या वर असेल तर तेवढ्या अंतराला साठ रुपयांहून जास्त लागतात. तेच एक युनिट : विकलं तर तीन रुपये, शेगडीवर सहा, स्कूटरमध्ये साठ.

म्हणून संयंत्राचा आकार ठरवताना आजच्या बिलाबरोबर पुढच्या पाच वर्षांत घरात काय येणार आहे ते धरा. मुलगी कॉलेजला जाणार आहे, जुनी गाडी मोडीत निघणार आहे, सुनेला इंडक्शन हवं आहे. आपल्या घरात निम्मा स्वयंपाक इंडक्शनवर गेला तर दिवसाला दीड युनिट, वर्षाला ५५० च्या आसपास. रोज २५ किलोमीटर स्कूटर चालली तर वर्षाला ३०० ते ३३०. वापर ३,५०० वर गेला आणि तरी वर्षाला ५०० युनिटं शिल्लकच. घर अजून जमेत आहे आणि पेट्रोल पंपावरची रांगही टळली. माझ्या मते याच आकाराचं संयंत्र बरोबर : वर्षाच्या सगळ्या वापरावर दहा-पंधरा टक्के शिल्लक. पॅनेलांची क्षमता वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरते, घरातला वापर वाढतो, तेवढी फट ही शिल्लक भरून काढते.

यात महिन्यांची एक गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. जून ते ऑगस्ट उत्पादन निम्म्यावर येतं. ऑक्टोबर ते मार्च आकाश स्वच्छ, वापर कमी, म्हणून युनिटं साठत जातात आणि ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, मार्चअखेर, स्वस्तात निघून जातात. तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीत बिलावर जमा युनिटं भरपूर दिसत असतील तर गॅस बंद ठेवून इंडक्शन वापरा, गिझर वापरा, मोकळेपणाने वापरा. काटकसर करायची ती जुलैत. एप्रिल-मेची चिंता नको, ते सर्वांत चांगल्या उत्पादनाचे महिने आहेत आणि एसीचा भार त्यात निघून जातो.

नव्या मीटरांमध्ये वेळेनुसार नोंद होते आणि दिवसाच्या व रात्रीच्या युनिटांचा हिशेब वेगळा धरण्याचा विषय वीज नियामक आयोगापुढे वारंवार येतो. अर्ज करण्याआधी उपविभागात स्पष्ट विचारा : माझ्या दरवर्गात दुपारी दिलेलं युनिट रात्री घेतलेल्या युनिटातून सरळ वजा होतं ना? उत्तर काहीही आलं तरी वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप, इस्त्री, स्कूटरचं चार्जिंग शक्य तेवढं दुपारी करणं फायद्याचंच.

कोटेशन वाचताना

तीन ठिकाणांहून कोटेशन घ्या आणि ती एकाखाली एक ठेवा. नुसता ‘तीन किलोवॅट, १ लाख ८० हजार, सर्व समाविष्ट’ असा एका ओळीचा कागद असेल तर तो परत करा. पॅनेलांची संख्या, प्रत्येकाचे वॅट, कंपनी, इन्व्हर्टरची कंपनी आणि त्याची हमी किती वर्षांची, सांगाड्याचं लोखंड, वायरी, अर्थिंग आणि कर या ओळी स्वतंत्र हव्यात.

अनुदान हवं असेल तर पॅनेल देशी सेलपासून देशातच बनलेलं लागतं. बाजारात त्याला डीसीआर म्हणतात. स्वस्तातलं कोटेशन डीसीआर नसलेल्या पॅनेलाचं असू शकतं, आणि मग ७८ हजार गेले. सांगाडा गरम जस्ताच्या मुलाम्याचा, ८० मायक्रॉनचा मागा. समुद्राच्या खाऱ्या हवेत नुसता रंग दिलेला लोखंडी अँगल दोन-तीन पावसाळ्यांत गंजतो. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर छपरं कशी उडवली ते ज्यांनी पाहिलं, त्यांना सांगाड्याचे बोल्ट किती महत्त्वाचे आहेत ते वेगळं सांगायला नको. सांगाडा स्लॅबला भोक पाडून पक्का करणार असतील तर त्या भोकांच्या वॉटरप्रूफिंगची जबाबदारी कोणाची, हे लिहून घ्या. खाली माणूस उभा राहील इतका उंच सांगाडा हवा असेल तर किलोवॅटमागे पाच ते दहा हजार वाढतात, पण कुरडया-पापड वाळवायला, कपडे टाकायला गच्ची मोकळी राहते. मला तो खर्च पटतो.

अर्थिंग तीन हवीत : डीसी बाजूचं, एसी बाजूचं आणि वीजरोधकाचं वेगळं. इथे पैसे वाचवण्याचा प्रयत्न सर्रास होतो आणि पहिल्या वळवाच्या पावसात इन्व्हर्टर जातो.

करात २२ सप्टेंबर २०२५ पासून फरक पडला आहे. सौर साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. बसवून देण्याच्या एकत्र करारात ७० टक्के रक्कम साहित्याची आणि ३० टक्के सेवेची धरतात, सेवेवर १८ टक्के लागतात, म्हणजे सरासरी ८.९ टक्के. कोटेशनमध्ये १३.८ टक्के दिसला तर तो जुना कागद आहे. नेट मीटरच्या नावाने मोठी रक्कम लावली असेल तर तीही विचारून घ्या. महावितरणने या योजनेत नेट मीटर मोफत देत असल्याचं जाहीर केलेलं आहे. योजनेत विक्रेत्यावर पाच वर्षांच्या देखभालीचं बंधन आहे. वर्षात किती भेटी आणि बिघाडाची तक्रार किती दिवसांत सोडवणार, हे करारात घाला.

वीज गेली की नेट मीटरवरचं साधं संयंत्रही बंद पडतं, भर दुपारीसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या छतावरच्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. तास-दोन तास वीज जाणाऱ्या गावात घरात जुना इन्व्हर्टर-बॅटरी असेल तर तो तसाच वापरा. लिथियम बॅटरीचं हायब्रीड संयंत्र पाच युनिटांच्या साठवणुकीला लाख-दीड लाखाने महागतं. दवाखाना किंवा घरी आजारी माणूस असेल तर घ्या, एरवी नको.

कागद आणि कर्ज

अर्ज पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर करायचा, विक्रेता तिथल्या नोंदणीकृत यादीतला निवडायचा. योजना २०२६-२७ अखेरपर्यंत आहे. दहा किलोवॅटपर्यंत वेगळी तांत्रिक पाहणी लागत नाही, अर्ज मंजूर झाल्याचंच धरलं जातं, आणि मंजूर भार कमी असेल तर तो आवश्यक तेवढा वाढवून मिळतो. हा नियम फेब्रुवारी २०२४ पासून आहे. कुणी भार वाढवण्याच्या नावाने महिनोन्महिने थांबवत असेल तर तो दाखवा.

अडतं ते नावावर. बिल अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर, बँक खातं मुलाच्या, घर दोघा भावांच्या. अनुदान अर्जदाराच्याच खात्यात येतं, म्हणून पहिलं काम बिलावरचं नाव बदलून घेण्याचं. गच्ची सामाईक असेल तर भावाची लेखी संमती आधी घ्या, पॅनेलं चढल्यावर नको. अनुदान संयंत्र सुरू होऊन तपासणी झाल्यावर थेट तुमच्या खात्यात जमा होतं. ‘अनुदान वजा करूनच द्या’ किंवा ‘आधी पूर्ण रक्कम भरा’ अशा दोन्ही बोलण्यांत धोका आहे. पैसे टप्प्याने द्या : थोडे ऑर्डरला, बरेच साहित्य गच्चीवर पोचल्यावर, आणि दहा-पंधरा टक्के नेट मीटर फिरू लागल्यावर.

तीन किलोवॅटपर्यंत दोन लाखांच्या आत कर्ज राष्ट्रीयीकृत बँका रेपो दरापेक्षा सुमारे अर्धा टक्का जास्त व्याजाने, तारणाशिवाय देतात. १ लाख १२ हजारांचा पाच वर्षांचा हप्ता २,२०० रुपयांच्या आसपास बसतो. आपल्या घराचं बिल दरमहा २,७०० ने कमी होतं, म्हणजे हप्ता बिलातूनच निघतो. पुणे महापालिकेसारख्या काही ठिकाणी सौर यंत्रणेला मिळकतकरात पाच टक्के सवलत आहे. आपल्या पालिकेत चौकशी करा.

सोसायटीचं काय

चार-पाच मजली इमारत सगळ्या सदनिकांसकट जमेत येणं कठीण आहे, आणि हे कुणी तोंडावर सांगत नाही. महिन्याला २०० युनिटं वापरणाऱ्या एका घराला सुमारे १७० चौरस फूट छत लागतं. एका मजल्यावर चार सदनिका असतील आणि टाकी, लिफ्टची खोली सोडून गच्चीची निम्मी जागा, म्हणजे सोळाशे चौरस फूट, मिळाली तर नऊ-दहा घरांची सोय होते. दोन-अडीच मजले. त्यावर जेवढे मजले, तेवढी तूट.

पण सोसायटीच्या सामाईक मीटरचा हिशेब फार चांगला आहे. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे मिळून महिन्याला १,५०० युनिटं धरा. यातली हजार युनिटं ५०० च्या वरच्या, सर्वांत महाग टप्प्यात जातात आणि बिल २५ हजारांच्या आसपास येतं. १५ किलोवॅटला साडेसात-आठ लाख लागतात. सोसायटीला सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० अनुदान आहे, म्हणजे २ लाख ७० हजार. उरलेले पाच लाख चोवीस सभासदांत वाटले तर प्रत्येकी २१-२२ हजार, आणि दोन वर्षांच्या आत वसूल. यानंतर दरवर्षी वाचणारे तीन लाख देखभाल शुल्कात उतरतात. सर्वसाधारण सभेत ठराव घ्या, आणि वरच्या मजल्यावरच्या सभासदाला आधीच विश्वासात घ्या. गळतीची भीती त्याला असते. पॅनेलांच्या सावलीने त्याचं घर उन्हाळ्यात थंड राहतं, हेही त्याला सांगा.

बसवल्यानंतर

धूळ हा सर्वांत मोठा चोर. ऊसतोडणीच्या दिवसांत, खडीक्रशरच्या किंवा कच्च्या रस्त्याच्या जवळ पंधरवड्याला पॅनेलं धुवावी लागतात, एरवी महिन्याला. सकाळी पॅनेल गार असताना साध्या पाण्याने, मऊ मॉपने. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये. दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर बदलावा लागेल, त्याचे २५ ते ४० हजार आजच मनात धरा. घराच्या विम्यात संयंत्राची नोंद करून घ्या. ज्या गावात वानरांचा त्रास आहे तिथे तर नक्कीच.

इन्व्हर्टरचं ॲप मोबाईलवर असतं, पण दर महिन्याच्या एकाच तारखेला नेट मीटरवरचे दोन आकडे वहीत लिहून ठेवा : घेतलेली युनिटं आणि दिलेली युनिटं. बिलात हे दोन्ही आकडे असतात, आणि मागच्या महिन्याची जमा युनिटंही. पहिल्या दोन-तीन बिलांत ही जमा पुढे न ओढल्याची चूक बऱ्याचदा आढळते. १९१२ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या, आणि दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा, तिथे वकील लागत नाही. एप्रिलमध्ये येणारं बिल विशेष नीट पाहा : ३१ मार्चला किती युनिटं शिल्लक होती, कोणत्या दराने त्यांचे पैसे धरले, आणि ते बिलातून वजा झाले का.